वाचकांचे प्रश्न : पुरानंतर जुनी मर्सिडीज घेताना

प्रश्न : बडोद्यात २०१२ची मर्सिडीज एस ३५० सीडीआय बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. आतलं लेदर, लाकूड सगळं झकास. ऑगस्ट २०२४च्या पुरात ती बुडाली होती का, हे कसं ओळखावं?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : शंका रास्त आहे. विश्वामित्री नदीचं पाणी तेव्हा सोसायट्यांच्या तळघरांत शिरलं आणि उभ्या गाड्या त्यात राहिल्या. एस-क्लासमध्ये बरीच वायरिंग आणि काही कंट्रोल युनिटं (गाडीची इलेक्ट्रॉनिक नियंत्रकं) खाली, कार्पेटलगत असतात. एअरबॅगचं युनिट मधल्या कन्सोलखाली असतं. त्यामुळे इंजिनाला पाणी न लागताही गाडी निकामी होऊ शकते, आणि पॉलिश केलेल्या बॉडीवरून त्याचा काही पत्ता लागत नाही.

म्हणून आधी खाली हात घाला. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटून कार्पेटखालच्या फोममध्ये बोटं दाबा. हा फोम जाड असतो, वरून कोरडा वाटला तरी आत ओल धरून ठेवतो. विक्रेता पट्टी काढू देत नसेल तर तिथेच व्यवहार थांबवा. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, रिळाजवळच्या भागावर मातकट रेघ राहते. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेले किंवा नुकतेच रंगवलेले आहेत का, डिकीतल्या बॅटरीच्या कप्प्यात गाळ आहे का, तेही बघा. फोम ओला पण गाळ कुठेच नाही, असं असेल तर सनरूफच्या तुंबलेल्या निचरानळ्याही तपासा. ते दुखणं वेगळं आणि बरंच स्वस्त.

यानंतर कागद. २०२४च्या आधीची आणि नंतरची विमा पॉलिसी शेजारी ठेवून नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पाहा. ५० टक्क्यांवरून तो शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा. बोनस टिकवणारं जोडकलम घेतलेलं असू शकतं, त्यामुळे नुसत्या टक्क्यांवर विसंबू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवर सर्व्हिसची नोंद मागवा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवला असेल तर तोही तिथे उघडा पडतो.

शेवटी स्टार डायग्नोसिसवर, म्हणजे मर्सिडीजच्या तपासणी यंत्रावर, सगळी युनिटं वाचून घ्या. विकण्याआधी बिघाडाचे कोड पुसले जातात, म्हणून ५०-६० किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. असंबद्ध जागांच्या अनेक युनिटांत संपर्क तुटल्याचे कोड परत आले तर कनेक्टरांत हिरवा गंज धरलेला असण्याची शक्यता मोठी. या गाडीतली ऑडिओ आणि नेव्हिगेशनची युनिटं फायबर ऑप्टिकच्या एकाच कड्यात जोडलेली असतात. एक युनिट भिजून बंद पडलं की बाकीचीही गप्प होतात. भिजलेली गाडी कितीही कमी भावात मिळाली तरी घेऊ नका. दुरुस्तीला शेवट नसतो.

गाडी कोरडी निघाली तरी या व्ही-६ (व्हीच्या आकारात मांडलेले सहा सिलिंडर) डिझेल इंजिनाच्या ऑइल कूलरचे सील तपासायला सांगा. ते इंजिनाच्या व्हीमध्ये, टर्बोखाली असतात. तिथलं ऑइल मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या जोडापाशी ठिबकतं आणि मेकॅनिक भलतंच सील बदलतो. सील किरकोळ किमतीचे, मजुरी मात्र मोठी, कारण टर्बो आणि इनटेक उतरवावे लागतात.

प्रश्न : रात्रभर उभी राहिली की एस-क्लास पुढच्या एका चाकावर बसते. विक्रेता म्हणतो, सुरू केली की उठते, या गाड्यांचं असंच असतं.
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : असं नसतं. या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेवर तोलणाऱ्या एअर स्ट्रटचा रबरी फुगा वयानुसार चिरतो. गळती भरून काढायला कंप्रेसर सतत चालतो आणि जळतो. नुसता कंप्रेसर बदलून दिलेली गाडी म्हणूनच पुन्हा बसते.

सपाट फरशीवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा. दहा-बारा तासांनी, दार उघडण्याआधी पुन्हा मोजा, कारण दार उघडलं की यंत्रणा जागी होऊन उंची सावरू शकते. रात्रीच्या गारव्याने चारही कोपरे थोडेसे सारखेच उतरले तर काळजी नको. एकच कोपरा सेंटिमीटरभर किंवा जास्त उतरला तर तिथला स्ट्रट किंवा नळीचा जोड गळतो. पुढची दोन्ही चाकं मिळून बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकही (चाकांना हवा वाटून देणारा भाग) तपासा. साबणाचं पाणी फवारलं की बुडबुडे जागा दाखवतात. मात्र हवेवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, आधी पक्के स्टँड लावा.

प्रश्न : अशीच गाडी पुण्याची, एमएच नंबरची घेतली तर?
— दांडिया बाजारचे तेच वाचक

उत्तर : फॉर्म २८ वरची एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र), मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५ लागेल. गुजरातचा कर वेगळा भरावा लागतो, तो सौद्यातून वजा धरा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, म्हणजे २०१२च्या गाडीला २०२७मध्ये फिटनेस आणि नूतनीकरण आलंच. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.