हळद दळण्याच्या लाइनला इमर्जन्सी स्टॉप पीएलसीतून दिला तर चालतो का?

तुम्ही लिहिलंय की कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या शेडमध्ये हळद पावडरची नवी लाइन बसली आहे: स्क्रू कन्व्हेयर, पल्व्हरायझर (हळद दळणारं यंत्र), चाळणी. मशिनवाल्यानं इमर्जन्सी स्टॉपच्या लाल बटणाची एक वायर पीएलसीच्या, म्हणजे प्रोग्रॅमवर मशिन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरच्या इनपुटला जोडलीय आणि ‘प्रोग्रॅममधून सगळं बंद होतं’ असं सांगितलंय. एवढं पुरेसं आहे का, हा तुमचा प्रश्न.

पुरेसं नाही. मी मिरज-कुपवाड भागात कंट्रोल पॅनेल बनवतो. या बाबतीत माझं मत पक्कं का झालं, ते आधी सांगतो.

तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणाऱ्या एका बाईंचा पदर पट्ट्याच्या रोलरमध्ये ओढला गेला. त्यांनी लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पट्टा चालूच. शेजारच्या पोरानं धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून हाताला खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. बटणाची पेटी उघडली तर मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक क्लिपमधून निसटून आत लोंबकळत होता. एनसी कॉन्टॅक्ट तो, म्हणजे एरवी जोडलेला आणि बटण दाबल्यावरच उघडणारा. निसटला तरी जोडलेलाच राहतो. सर्किटला वाटत होतं सगळं ठीक आहे. बाहेरून बटण नव्यासारखं दिसत होतं.

म्हणून सर्किट काढताना मी प्रत्येक भागाबद्दल एकच विचारतो: हा बिघडला तर मशिन थांबेल की चालू राहील? वायर तुटली तर थांबायला हवं, म्हणून एनसी कॉन्टॅक्ट. तोही सक्तीनं उघडणारा हवा, म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटला तरी दाबाच्या जोरानं तुटणारा. अशा ब्लॉकवर वर्तुळातल्या बाणाचं चिन्ह असतं, ते बघूनच घ्या. ब्लॉक निसटला तर सर्किट आपोआप तोडणारे ब्लॉकही मिळतात. त्या शेडनंतर मी दुसरे वापरलेले नाहीत.

बटणातून दोन स्वतंत्र एनसी चॅनेल सेफ्टी रिलेत न्या; सेफ्टी रिले म्हणजे दोन्ही चॅनेलवर लक्ष ठेवून सर्किट तोडणारा खास रिले. रिलेचे कॉन्टॅक्ट सिरीजमधल्या दोन कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा सप्लाय जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) कॉइलना द्या. दोन का? कॉन्टॅक्टर वेल्ड होतो, म्हणजे आतले कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. एक चिकटला तरी दुसरा सप्लाय तोडतो. आणि दोघांचे सहायक एनसी मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य कॉन्टॅक्ट चिकटलेला असेल तर जे जोडलेच जात नाहीत) रिलेच्या रिसेट लूपमध्ये घ्या, म्हणजे चिकटलेला कॉन्टॅक्टर असताना रिसेटच होणार नाही. ही फीडबॅकची वायर अनेक पॅनेलमध्ये सरळ जंपर मारून टाकलेली असते. तुमच्याकडे आधी तेच तपासा. पीएलसीला रिलेकडून फक्त खबर द्यायची. साध्या पीएलसीचं आउटपुट शॉर्ट होऊन चालूच राहू शकतं, आणि प्रोग्रॅम उद्या कुणीही बदलू शकतो.

आता पल्व्हरायझर, कारण तुमचा खरा धोका तिथं आहे. सप्लाय तोडला तरी जड रोटर बराच वेळ गरगरत राहतो. घड्याळ लावून ती वेळ मोजा. यंत्रांच्या विजेच्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे इमर्जन्सी स्टॉप कॅटेगरी ० किंवा १ चाच असतो. ० म्हणजे सप्लाय लगेच तोडणं, १ म्हणजे आधी ब्रेक लावून थांबवणं आणि मग तोडणं. मोटर ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल तर ब्रेक रेझिस्टर लावून कॅटेगरी १ करा. शेवटी ड्राइव्हचा एसटीओ, म्हणजे सेफ टॉर्क ऑफ (मोटरला जोर मिळणं बंद करणारी सोय), पडला पाहिजे. ड्राइव्ह नसेल तर रोटर थांबेपर्यंत झाकण उघडू न देणारं लॉक बसवा. एसटीओ पडला म्हणजे वीज गेली असं नव्हे, ड्राइव्हच्या आत व्होल्टेज शिल्लक असतं. जाळी बदलायला हात घालायचा असेल तर आयसोलेटर, म्हणजे सप्लाय पूर्ण तोडणारा हाताचा स्विच, पाडून त्याला कुलूपच लावायचं, लाल बटणावर भरवसा ठेवायचा नाही.

सगळंच बंद करायचं नाही, हेही लक्षात घ्या. धूळ ओढणारा पंखा आणि शेडमधले दिवे चालू राहू द्या. हळदीची धूळ हवेत दाटली की पेट घेऊ शकते, आणि अंधारात अडकलेल्या माणसाला सोडवता येत नाही.

बटण लाल, मागे पिवळं, दाबल्यावर अडकून राहणारं. फिरवून सोडलं की मशिन सुरू होता कामा नये. त्यासाठी रिसेट वेगळा, आणि रिसेटनंतर स्टार्टचं बटण वेगळं. एकच बटण पॅनेलवर ठेवून भागणार नाही. पोती ओतणाऱ्याजवळ, चाळणीपाशी, जिथं माणूस उभा राहतो तिथं हात पोहोचेल असं एकेक लावा. लांब पट्टा असेल तर दोरीचा स्विच घ्या, तो दोरी तुटली किंवा सैल झाली तरी पडणारा हवा.

कायद्याचंही विचारलंत. वर्कशॉपमध्ये चालत्या यंत्राची वीज आणीबाणीत तोडण्याची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २४ मध्येच होतं. बटणाची आजची रीत आयएसओ १३८५० हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

दर महिन्याला मशिन चालू असताना प्रत्येक बटण वेगवेगळं दाबून बघा, मध्ये रिसेट करून. सिरीजमधल्या चार बटणांपैकी एकच दाबून सही करणारे फिटर मी पाहिलेत.

मशिनवाल्याकडून सर्किट ड्रॉइंग लेखी मागून घ्या. पल्व्हरायझरच्या ड्राइव्हचा मॉडेल नंबर इथं टाका. त्याला एसटीओची टर्मिनल आहेत का, ते पाहून जोडणी सांगतो. तोवर पदर, ओढणी, उपरणं घातलेल्या कुणालाही स्क्रू कन्व्हेयरच्या उघड्या तोंडापाशी उभं करू नका. तिथं आजच जाळी ठोका.