बाळाला सारखी धाप लागते, डॉक्टर 'चाइल्ड आयएलडी' म्हणतात. म्हणजे काय, आणि ते बरं होतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ आठ महिन्यांचं आहे, दोनदा न्यूमोनिया म्हणून भरती झालं, घरी आल्यावरही छाती भात्यासारखी चालते आणि आता डॉक्टरांनी हे नाव काढलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला यातलाच एक आजार होता, तो आता सहा वर्षांचा आहे. तेवढ्याच अधिकारानं लिहिते.

आमच्याकडे पहिल्यांदा लक्षात आलं ते सासूबाईंच्या. मुलगा पाच महिन्यांचा होता. अंगाला तेल लावता लावता त्या म्हणाल्या, "बाई, ह्या पोट्ट्याच्या फासळ्या कावून आत जाऊन राहिल्या?" ना ताप, ना सर्दी. पोरगं हसत होतं, पण दर श्वासाला बरगड्यांच्या मधे खळगा पडत होता. पुढच्या चार महिन्यांत अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, नेब्युलायझरच्या वाफा तर किती दिल्या त्याची गणतीच नाही. काडीचा फरक पडला नाही. एका हॉस्पिटलात मला "आई जास्त घाबरते" असं ऐकवलं. ते अजून लागतं, कारण तेव्हा वजन साडेपाच किलोवर अडकून बसलं होतं.

आम्हाला वाट सापडली ती एका वहीमुळे. रोज रात्री बाळ गाढ झोपलं की मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, बाळांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल तर तो जोराचा समजतात, एक ते पाच वर्षांत ४०. आमचे आकडे ६८, ७२, ६६ असे. तीन आठवड्यांची ती वही आमच्या नागपुरात धंतोलीतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, न्यूमोनिया असा महिनोन् महिने एकसारखा राहत नाही.

आता नावाबद्दल. फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो. ही भिंत किंवा तिच्या आसपासचा भाग बिघडला की त्याला आयएलडी, म्हणजे इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात. म्हणजे हा एक आजार नाही, अनेक दुर्मीळ आजारांचं मिळून एक नाव आहे. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: यातला कोणता?

कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. काही बाळांत पिशव्या मिटू न देणारा सरफॅक्टंट नावाचा थर जनुकातल्या दोषामुळे नीट तयारच होत नाही. त्यातले काही प्रकार जन्मल्याबरोबर व्हेंटिलेटरपर्यंत नेतात, एखाद्याला फुप्फुस बदलण्याशिवाय इलाज नसतो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण माझ्या मुलाला निघाला तो 'नेही', म्हणजे न्यूरोएंडोक्राइन सेल हायपरप्लेशिया ऑफ इन्फन्सी. बारीक श्वासनलिकांत एका प्रकारच्या पेशी नेहमीपेक्षा जास्त असतात. लांबलचक नाव, २००५ साली मिळालेलं. यात बहुतेक मुलं वाढत्या वयाबरोबर सुधारत जातात. स्टेरॉइडचा मात्र सहसा उपयोग होत नाही, आणि आम्ही ते दोन महिने दिलं होतं.

आधी बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात: हृदयाची इको, सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात घट्ट कफ साठवणारा जनुकीय आजार) नाही ना यासाठी घामाची तपासणी, प्रतिकारशक्ती, टीबी, दूध श्वासनलिकेत जातं का. मग छातीचा हाय रिझोल्यूशन सीटी. आमच्या सीटीत उजव्या फुप्फुसाचा मधला भाग आणि डावीकडची लिंग्युला (डाव्या फुप्फुसाचा जिभेसारखा छोटा भाग), दोन्ही काचेवर वाफ धरावी तसे धूसर दिसत होते. चित्र असं ठरावीक असलं तर बायोप्सी टळू शकते, आमची टळली. सीटीचा नुसता रिपोर्ट नका घेऊ, सीडी मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना चित्रच बघायचं असतं.

मोठ्यांचा बोटात अडकवायचा ऑक्सिमीटर बाळाला लावू नका. अंगठ्याला गुंडाळायचा छोट्यांचा प्रोब मिळतो. आमच्याकडे झोपेत ऑक्सिजन ८८ टक्के दिसला आणि घरी काँसन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र आलं. नातेवाइकांनी रडारड केली. कोविडपासून आपल्याकडे ऑक्सिजन म्हटलं की लोकांना शेवटच दिसतो. खरं तर ऑक्सिजन लागल्यावर महिन्याभरातच त्याचं वजन हललं, कारण श्वास घेण्यात जळणारं दूध अंगी लागायला लागलं. उन्हाळ्यात लाइट जाते, म्हणून एक भरलेलं सिलिंडर घरात ठेवाच. अडीच वर्षांचा झाल्यावर दिवसाचा ऑक्सिजन सुटला, साडेतीनला रात्रीचा.

बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देत असाल तर आजच बंद करा. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, कुणाची सिगारेट, सगळंच. कूलरचं पाणी आणि गवत वेळेवर बदला, बाल्कनीत कबुतरं बसू देऊ नका. २०१७ मध्ये देशभरातल्या १,०८४ मोठ्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात आयएलडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (बुरशी, पक्ष्यांची पिसं असलं काही श्वासातून जाऊन त्याच्या ॲलर्जीनं फुप्फुसाला येणारी सूज) निघाला, आणि त्यातल्याही जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध होता. तुमच्या बाळाचं कारण तेच असेल असं नाही, पण नागपुरात कूलरशिवाय घर नाही म्हणून सांगते. फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्या, घरातल्या सगळ्यांनीच.

ओठ निळे पडले, दूध ओढणं सोडलं, बाळ सुस्त वाटलं किंवा श्वास मधेच थांबला, तर वही-बिही राहू द्या, तडक मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा किंवा जवळ असेल ते हॉस्पिटल.

आणि आज रात्री मोजा. झोपेतला आकडा किती येतो आणि वजन किती आहे, ते खाली लिहा, मी बघते.