हडप्पाचा ग्रिड सोड, आधी पाणी कुठून कुठे जातं ते बघ

तू लिहिलंयस की आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, हडप्पा संस्कृतीवर प्रोजेक्ट घ्यायचाय आणि सर म्हणतायत की यातून आजच्या शहराला काय मिळणार. पुण्यात बसून हा प्रश्न पडावा म्हणजे कमाल आहे, असो.

बहुतेक मुलं मोहेंजोदडोचा नकाशा उचलतात, काटकोनातले रस्ते दाखवतात, 1:2:4 मापाची (जाडी:रुंदी:लांबी) वीट दाखवली की शीट संपली. तेवढ्यात काही दम नाही, मोठे रस्ते सरळ असले तरी आतल्या गल्ल्या चांगल्या वाकड्यातिकड्या आहेत. खरी गंमत सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात आहे. एकच न्हाणीघर घे. विटा कडेवर उभ्या, एकमेकींना घट्ट भिडवून लावलेल्या, जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार, न्हाणी बहुतेक वेळा रस्त्याच्या बाजूलाच, म्हणजे पाणी भिंतीतून थेट गल्लीतल्या गटारात, वरच्या मजल्यावरून यायचं असेल तर भाजक्या मातीचा पाइप. गटारावर विटांची नाहीतर दगडाची झाकणं, काढून गाळ उपसता येईल अशी, आणि मधेमधे गाळ साचायला खड्डे. म्हणजे साफ कोण कसं करणार याचा विचार बांधतानाच केलेला!! आपल्याकडे आधी काँक्रीट आणि मग खोदकाम.

दुसरं म्हणजे धोलावीरा, कच्छच्या रणातलं हडप्पाकालीन शहर. पाऊस नावाला, बारमाही नदी नाही, दोन बाजूंना मानसर आणि मनहर हे फक्त पावसाळ्यात वाहणारे ओढे, त्यांवर बंधारे घालून पाणी वळवलं आणि गावातल्या सुमारे 13 मीटर उताराचा फायदा घेऊन एकाखाली एक टाक्या केल्या, काही तर सरळ खडकात खोदल्यात. हा सेक्शन स्वतः स्केलमध्ये काढ, नेटवरचा चिकटवू नकोस.

आणि मग शेजारी पुणं ठेव. 1750 च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून बंद नळातून पाणी पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं, पंप नाही काही नाही, नुसता उतार. त्याच कात्रजकडून येणारा आंबिल ओढा सप्टेंबर 2019 मध्ये रात्रीतून सोसायट्यांमध्ये घुसला. ओढ्याचा उतार तोच, त्याच्या काठाला आपण किती जागा ठेवली तेवढं मोजून शीटवर टाक, सर काही बोलणार नाहीत.

मोहेंजोदडोवर अणुबॉम्ब पडला वगैरे व्हिडिओ बघू नकोस प्लीज. त्यापेक्षा येरवड्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघ, शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू तिथे आहेत. ते हडप्पा नाही, नंतरचं ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या काळातलं) खेडं, पण घोड नदीचं पाणी वळवायला त्यांनी कालवा आणि बांध केला होता, तुझ्या विषयात फिट बसतं.

धोलावीराला जमलं तर डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाळ्यात चुकूनही नको. टाक्यांना निदान अर्धा दिवस दे, टेप घेऊन जा आणि हात लावायच्या आधी तिथल्या माणसाला विचार.