गोलाईवर जाऊ नका, काटे बघा

ताई, ॲरिझोनातल्या टूसॉनजवळच्या पायवाटेवर दिसलेला गुडघाभर उंचीचा गोल निवडुंग गोल्डन बॅरल आहे की सवारोचं (इथल्या खांबासारख्या उंच निवडुंगाचं) रोप, असं तुम्ही विचारलंय. फोटो बघता दोन्ही नाही. हा इथलाच, सोनोरन वाळवंटातला फिशहुक बॅरल, शास्त्रीय नाव फेरोकॅक्टस विझलिझेनाय.

गोल्डन बॅरल मूळचा मेक्सिकोचा. फिनिक्समध्ये घरांपुढे, ऑफिसांपुढे सगळीकडे लावलेला असतो, म्हणून तेच नाव आधी सुचतं. त्याचे काटे पिवळे आणि जवळपास सरळ असतात, डोक्यावर पिवळसर लोकर असते. सवारोचं रोप लहानपणी गोलसर दिसतं खरं, पण त्याच्या काट्यांना टोकाशी कधीच गळासारखा आकडा नसतो. शिवाय ते बहुतेक वेळा पालोव्हर्दे किंवा मेस्कीट या वाळवंटी झाडांच्या सावलीत वाढतं.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोतला काट्यांचा एकच झुबका मोठा करून बघा. कडेने बारीक, पांढुरके, केसांसारखे काटे आहेत. मधे जाड, लालसर काटे, आणि त्यातला एक चपटा, अंगावर आडव्या वळ्या असलेला, टोकाला गळासारखा वळलेला. हा आकडा आणि कडेचे बारीक काटे एकत्र दिसले की ओळख जवळजवळ पक्की. पावसात भिजल्यावर जाड काट्यांचा लाल रंग असा काही उठतो की बघत राहावं!

घोळ होतो तो त्याच्या भाऊबंदांशी. फेरोकॅक्टस एमोरीला कडेचे बारीक काटे नसतात, सगळेच जाडजूड. कॅलिफोर्नियाकडे, जोशुआ ट्री भागात भेटतो तो सिलिंड्रेसियस. त्याचे लांब काटे वाकतात, पण सहसा पूर्ण आकडा होत नाही, आणि काट्यांची दाटी इतकी की खोड धड दिसत नाही. तो मुख्यतः वसंतात फुलतो. आपला फिशहुक मात्र उन्हाळी पावसाच्या सुमारास, जुलै ते सप्टेंबर, माथ्यावर केशरी-पिवळ्या फुलांचं कडं धरतो. नंतरची पिवळी, बिनकाट्याची फळं कित्येक महिने तशीच राहतात. हरणं आणि हावेलिना (रानडुकरासारखा प्राणी) ती आवडीने खातात.

बॅरल दक्षिणेकडे कलतो, म्हणून त्याला कंपास कॅक्टस म्हणतात. पण कल बघून जात ठरवू नका, कारण फिशहुकही कलतो आणि सिलिंड्रेसियसही.

मुलांना एक जरूर सांगा: बॅरल कापला की प्यायचं पाणी मिळतं, हे खरं नाही. आत ओलसर गर असतो, आणि तो खाऊन मळमळ, उलट्या होऊ शकतात. तहानलेल्या माणसाचं त्याने आणखी नुकसान होतं. शिवाय ॲरिझोनात स्थानिक निवडुंगांना कायद्याचं संरक्षण आहे. जमीनमालकाची संमती आणि परवाना नसताना रोप उपटून नेणं गुन्हा आहे. बागेत हवाच असेल तर नर्सरीतूनच घ्या.

पुन्हा त्या वाटेने गेलात तर माथ्याचा एक फोटो काढा. फळं धरलेली असतील तर उरलीसुरली शंकाही मिटेल.