दुसरा मॉनिटर अंधारात का राहतो?
वाचकांचे संगणकविषयक प्रश्न

एकाच संगणकाला दोन किंवा अधिक मॉनिटर जोडण्याविषयीची पत्रे या वेळी इतकी आली की, त्यांतील निवडक प्रश्न एकत्र घेऊन उत्तरे देणे सोयीचे वाटले.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात अलीकडेच वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले. कार्डाला जोडलेला मॉनिटर उत्तम चालतो. दुसरा मॉनिटर मी मागच्या बाजूलाच, पण जरा वरच्या एचडीएमआय पोर्टमध्ये जोडला, तर त्यावर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसते. केबलही बदलून पाहिली आणि मॉनिटरही; दोन्ही ठीक आहेत. मग बिघाड कशात असावा?

उत्तर : बहुधा कशातच नाही. आपल्या पत्रातील ‘जरा वरच्या’ या दोन शब्दांतच सगळे आले. ज्या पेटीला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो, त्या कॅबिनेटच्या मागे एकदा नीट पाहावे. यूएसबी, इंटरनेटची केबल आणि स्पीकरची गोल छिद्रे जिथे दाटीवाटीने बसलेली असतात, तो भाग मदरबोर्डचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीचा. आणि त्याच्या खाली, स्क्रूने आवळलेल्या धातूच्या आडव्या पट्टीवर जी पोर्ट दिसतात, ती ग्राफिक्स कार्डाची. दोन्हीकडच्या एचडीएमआय पोर्टचा आकार हुबेहूब सारखा असला, तरी त्यांच्यामागे चित्र तयार करणारी यंत्रणा वेगवेगळी असते. मदरबोर्डवरच्या पोर्टला चित्र मिळते ते प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सकडून, आणि वेगळे कार्ड बसवले की पुष्कळ मदरबोर्ड हे अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकतात. म्हणजे आपली केबल जिथे जोडली आहे, तिथे पलीकडून चित्र पाठवणारे कोणी नाही.

सरळ उपाय हाच की, दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडावेत. घरगुती वापराच्या बहुतेक नव्या कार्डांवर तीन किंवा चार पोर्ट असतात आणि तेवढे मॉनिटर ते कार्ड एका वेळी चालवूही शकते. एखाद्या कार्डावर पाच पोर्ट दिसली, तरी एकाच वेळी चारच मॉनिटर चालतील अशी मर्यादा असू शकते, तेव्हा माहितीपत्रकातील आकडा पाहून घ्यावा. कार्डावरची पोर्ट संपलीच असतील, तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन अंगभूत ग्राफिक्स चालू करता येते. ही सेटिंग कुठे ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’, तर कुठे ‘इंटरनल ग्राफिक्स’ अशा नावाने असते. त्यानंतर त्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला चालवता यावे यासाठीचा प्रोग्रामही टाकावा लागतो. मात्र प्रोसेसरमध्ये मुळात ग्राफिक्स असायला हवे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ते नसते. एएमडीच्या जुन्या डेस्कटॉप रायझनपैकी शेवटी ‘जी’ असलेल्यांतच ते होते. 2022 साली आलेल्या 7000 मालिकेपासून ते बहुतेकांत आले, पण तिथेही ‘एफ’ दिसल्यास आशा सोडावी. आपल्याला धीर यावा म्हणून सांगतो : हीच चूक करून मी एकदा अख्खी संध्याकाळ केबली बदलण्यात घालवली आहे.

प्रश्न : माझ्या कार्डावर एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट आहेत. मॉनिटर दोन आहेत. एकाला फक्त एचडीएमआय आहे आणि दुसरा, जुना, फक्त व्हीजीएचा. कोणते अ‍ॅडॅप्टर घ्यावे?

उत्तर : पहिल्या मॉनिटरला अ‍ॅडॅप्टर लागणारच नाही, कार्डावरचे एकुलते एक एचडीएमआय पोर्ट त्याला द्यावे. जुन्या मॉनिटरसाठी डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएकडे जाणारा कन्व्हर्टर घ्यावा. व्हीजीए ही 1987 साली आयबीएमने आणलेली अ‍ॅनालॉग पद्धत आहे आणि आजच्या कार्डांतून निघणारा सिग्नल पूर्णपणे डिजिटल असतो, त्यामुळे नुसता पिनांचा आकार बदलून भागत नाही, मधल्या डबीतील चिपने सिग्नलचे रूपांतरच करावे लागते. अशा जोडणीत अक्षरे किंचित पुसट दिसली, तर मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण एकदा दाबावे. चित्र बऱ्याचदा जागेवर येते.

अ‍ॅडॅप्टर घेताना लोक प्लगचा आकार पाहतात आणि दिशा विसरतात, खरी फसगत तिथे होते. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणे सोपे असते, कारण बहुतेक डिस्प्लेपोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयच्या भाषेतच सिग्नल पाठवू शकतात. साधे अ‍ॅडॅप्टर त्यावरच चालते. उलट, संगणकाकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असेल, तर तेच अ‍ॅडॅप्टर फिरवून लावल्याने काहीही होत नाही. त्यासाठी बहुधा यूएसबीवरून वीज घेणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. मॉनिटर 4के, म्हणजे 3840 गुणिले 2160 बिंदूंचा, असून तो 60 हर्ट्‌झला (सेकंदाला 60 चित्रे) चालवायचा असेल, तर सरळ दिशेलासुद्धा साधे अ‍ॅडॅप्टर अपुरे पडते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ (आत रूपांतराची चिप असलेल्या) प्रकारचेच मागावे.

डिस्प्लेपोर्टच्या केबलविषयी दोन गोष्टी ओघात सांगतो. तिच्या प्लगच्या वर बहुधा एक छोटी दाबकळ असते आणि प्लगच्या तोंडाशी दोन बारीक आकडे (हुक) असतात. कळ अंगठ्याने पूर्ण दाबल्याशिवाय केबल ओढू नये, नाहीतर ते आकडे अडकून पोर्टच हलायला लागते. दुसरे म्हणजे, या प्लगमधील 20 क्रमांकाच्या पिनवर 3.3 व्होल्टचा वीजपुरवठा असतो आणि साध्या केबलमध्ये ती तार जोडलेली नसावी असा नियम आहे. काही हलक्या केबलींत ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि संगणक बंद करूनही आतला एखादा दिवा मिणमिणत राहतो किंवा संगणक सुरू व्हायला कुरकुरतो. असे दिसल्यास आधी केबल बदलावी.

प्रश्न : एका एचडीएमआय पोर्टवर दोन मॉनिटर चालवण्यासाठी स्प्लिटर आणला, पण दोन्हींवर एकच चित्र दिसते. विंडोजमध्ये काही बदल करावा लागेल का?

उत्तर : विंडोजमध्ये काहीही बदलून उपयोग होणार नाही. स्प्लिटर आलेल्या चित्राची नक्कल करून दोन्हीकडे पाठवतो, आणि संगणकाच्या दृष्टीने तिथे एकच मॉनिटर असतो. एकाच पोर्टमधून दोन वेगळी चित्रे नेण्याची सोय एचडीएमआयमध्ये नाही. ती डिस्प्लेपोर्टमध्ये, 2010 साली आलेल्या 1.2 या आवृत्तीपासून, आहे. तिला ‘एमएसटी’ म्हणतात. त्यासाठी एमएसटी हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी घ्यावी, किंवा ज्यावर डिस्प्लेपोर्टचे ‘आउट’ही आहे असा मॉनिटर घेऊन त्यापुढे दुसरा मॉनिटर साखळीसारखा जोडावा आणि पहिल्याच्या मेनूत ही सोय चालू करावी.

मात्र पोर्ट एकच असल्याने त्याची क्षमता सगळ्या मॉनिटरांत वाटली जाते. थोडे गणित करून पाहू. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे, म्हणजे फुल-एचडी, चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचे आणि प्रत्येक बिंदूला 24 बिट द्यायचे, तर सेकंदाला सुमारे 3 गिगाबिट लागतात. 4के चित्रात बिंदू चौपट, म्हणून सुमारे 12 गिगाबिट. डिस्प्लेपोर्ट 1.2 मधून प्रत्यक्षात 17.28 गिगाबिट जातात. त्यामुळे त्यावर साधे फुल-एचडी मॉनिटर चारही चालतील, पण 4के मॉनिटर 60 हर्ट्‌झला एकच चालेल आणि दुसरा लावताच कोणाला तरी माघार घ्यावी लागेल.

प्रश्न : दोन्ही मॉनिटर सुरू झाले, पण माऊस डावीकडच्या मॉनिटरवर न्यायला तो उजवीकडून बाहेर काढावा लागतो. शिवाय काही ठिकाणी तो कडेला अडकतोच.

उत्तर : आधी विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलेले आहे ना, हे पाहावे. मग ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावी. तिथे 1 आणि 2 असे आकडे असलेले दोन चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’वर क्लिक केले की तेच आकडे खऱ्या मॉनिटरांवर उमटतात. टेबलावर ते ज्या क्रमाने ठेवले आहेत, त्याच क्रमाने चौकोन माऊसने ओढून ठेवावेत आणि ‘अप्लाय’ करावे.

माऊस अडकण्याचे कारण निराळे आहे. आपले दोन्ही मॉनिटर डोळ्यांना एकाच उंचीचे दिसत असले, तरी विंडोज उंची मोजते ती बिंदूंत. एक 4के आणि दुसरा फुल-एचडी असेल, तर एकाची उंची 2160 बिंदू आणि दुसऱ्याची 1080. मोठ्याच्या ज्या भागासमोर लहान चौकोन येत नाही, तिथे माऊसपुढे भिंतच असते. लहान चौकोन वर-खाली सरकवून, नेहमी जिथून ये-जा होते तिथे दोन्हींच्या कडा जुळवाव्यात. भिंत पूर्ण जात नाही, पण वाटेत येईनाशी होते. 4के मॉनिटरवर अक्षरे बारीक दिसत असतील, तर ‘स्केल’ फक्त त्याच मॉनिटरसाठी 150 टक्के करता येते.

प्रश्न : संगणक थोडा वेळ तसाच ठेवला की परत आल्यावर सगळ्या विंडो एकाच मॉनिटरवर गोळा झालेल्या असतात.

उत्तर : झोपी गेलेला मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवरचा, संगणकाला केबल काढल्यासारखाच वाटू शकतो आणि मग संगणक तिथल्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर हलवतो. विंडोज 11 मध्ये ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मधील ‘मल्टिपल डिस्प्लेज’ या भागात, मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू करावा. काही मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूतही गाढ झोप बंद करण्याची सोय असते. एवढे करूनही विंडो गोळा होतच राहिल्या, तर तो मॉनिटर एचडीएमआयवर जोडून पाहावा.