बाळाच्या वाटीत नवी भाजी

प्रश्न : बाळाला गेल्या आठवड्यात सहा महिने पूर्ण झाले. भाताची पेज आणि मुगाचं वरण सुरू केलंय. पहिली भाजी कोणती आणि किती द्यावी? लाल भोपळा थंड, त्यानं सर्दी होईल, असं सासूबाईंचं म्हणणं. (नाशिक)

उत्तर : भोपळ्यानं सर्दी होत नाही. ती विषाणूंमुळे होते आणि बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी शिंकेतून येते. सासूबाईंना हे हळूच सांगा, कारण सुरुवातीला भोपळ्याइतकी सोयीची भाजी दुसरी नाही. गोडसर, वर्षभर मिळणारा आणि लवकर मऊ होणारा.

साधारण १०० ग्रॅमची फोड घ्या. साल, बिया आणि बियांभोवतीचा धागेदार गर काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. चाळणीत ठेवून १० ते १२ मिनिटं वाफवा. सुरी टोचल्यावर सहज आरपार गेली पाहिजे. पाण्यात बुडवून उकडलं आणि पाणी ओतून दिलं, तर जीवनसत्त्वंही मोरीत जातात. तुकडे चमच्याच्या पाठीनं गाळणीतून घासून काढा. घट्ट वाटलं तर उकळून कोमट केलेलं पाणी किंवा आईचं दूध घाला. वर पाव चमचा तूप. भोपळ्यातलं केशरी रंगद्रव्य स्निग्ध पदार्थासोबतच अंगी लागतं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मीठ, साखर, गूळ नको. मध तर बोटाला लावूनही नको.

बहुतेक घरांत चुकतं ते दाटपणात. घशाला अडकेल या भीतीनं भाजी इतकी पातळ करतात की पोट पाण्यानंच भरतं. चमचा तिरका केल्यावर गर सावकाश घसरावा, ओघळू नये.

पहिल्या दिवशी एक-दोन छोटे चमचे पुरेत. द्या सकाळी, म्हणजे काही त्रास झालाच तर दिवसाउजेडी दिसेल आणि डॉक्टरही भेटतील. दूध पिऊन तासभर झालेला असावा. भुकेनं रडणारं बाळ नव्या चवीला दाद देत नाही. मांडीवर आडवं न घेता पाठीला आधार देऊन ताठ बसवा. तीन दिवस नवीन काही म्हणजे भोपळाच, पेज-वरण चालू राहू द्या. एकदम तीन भाज्या दिल्या आणि अंगावर पुरळ उठलं, तर दोष कुणाला देणार? चौथ्या दिवशी दुधी घ्या. दुधीचा तुकडा आधी स्वतः कच्चा चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, त्यातला कडू घटक विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही.

टोमॅटोनं तोंडाभोवती येणारी लाली बहुधा आंबटपणाची असते, ती थोड्या वेळानं ओसरते. पण अंगभर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, सतत उलट्या किंवा श्वासाला त्रास दिसला तर तडक रुग्णालय गाठा.

आणि भाजी आली म्हणून वरण कमी करू नका. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, आणि भोपळा-दुधी ती उणीव भरून काढत नाहीत. डाळीत दोन थेंब लिंबू पिळा, त्यातलं लोह अधिक शोषलं जातं. घरात अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवून तेही सुरू करा.

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची आहे. रताळं मिटक्या मारत खाते, पण फरसबी चार वेळा दिली, चारही वेळा थुंकली. आवडत नाही म्हणून सोडून द्यावी का? (सोलापूर)

उत्तर : चार वेळा म्हणजे अजून ओळखही झाली नाही. गोडाची आवड बाळ जन्मतःच घेऊन येतं, तुरट-कडू चव मात्र शिकावी लागते. एकेका भाजीला आठ-दहा खेपा, कधी त्याहून जास्त लागतात. वाकडं तोंड म्हणजे नकार नव्हे. मान फिरवली, ओठ घट्ट मिटले, की त्या दिवसापुरतं थांबा. मोबाइल दाखवून आणि नाक दाबून घास कोंबू नका.

पण आधी फरसबीचे दोर बघा. बऱ्याचदा बाळ चव नव्हे, जिभेवर राहिलेला चोथा थुंकतं. कोवळ्या शेंगा घ्या, दोन्ही कडांचे दोर ओढून काढा, बारीक चिरा, १५ मिनिटं वाफवा, मिक्सरमधून काढून गाळा. एक दिवसाआड, रताळ्याच्या आधी, एकच चमचा द्या. सगळी फरसबी रताळ्यात दडवली तर तिला फक्त रताळंच कळेल. खाऊ लागली की गाळणं बंद करा. नवव्या महिन्यापर्यंत घास दाणेदार हवा, नाहीतर पुढे चावायचा कंटाळा येतो. मटार मात्र चेचूनच. कच्च्या गाजराचा तुकडा हातात देऊ नका.

उबळ आणि गुदमरणं यांत फरक आहे. उबळीत चेहरा लाल होतो, आवाज येतो, जीभ बाहेर येते आणि घास पुढे ढकलला जातो. बाळावर लक्ष ठेवा, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, ओठ निळसर झाले, तर ते गुदमरणं. पालथं धरून डोकं खाली ठेवा, पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच ठोके द्या आणि मदतीला हाक मारा.

प्रश्न : नोकरीमुळे रविवारीच आठवड्याची पालक आणि बीटची भाजी वाटून फ्रीजमध्ये ठेवते. चालेल का? (पुणे)

उत्तर : नको. पालक आणि बीटमध्ये नायट्रेट जास्त असतं. शिजवलेली भाजी साठवून ठेवली की जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं घटू शकते. या दोन भाज्या त्याच दिवशी करा आणि संपवा. भोपळा, दुधी, रताळं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतं. हवे तेवढे ठोकळे काढून वाफ निघेपर्यंत गरम करा, मग कोमट करून भरवा. बाळाचा चमचा बुडालेल्या वाटीतली उरलेली भाजी पुन्हा ठेवू नका. आणि बीट दिल्यावर लंगोट लाल दिसला तर घाबरू नका, तो बीटचाच रंग.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाचं नाक आणि तळवे पिवळे दिसतात. कावीळ असेल का? (पणजी)

उत्तर : डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढराशुभ्र असेल आणि रोज गाजर-भोपळा चालू असेल, तर रंग भाज्यांचाच आहे. त्या कमी करून फरसबी, दोडका द्या; काही आठवड्यांत रंग उतरतो. डोळे पिवळे असतील किंवा लघवी गडद होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.