खानापुरात (जि. बेळगाव) नवा दवाखाना, पहिला पावसाळा

डॉक्टर, भातलावणीच्या दिवसांत सर्दी-खोकल्याची रांग लागेल. त्यातले बहुतेक आजार विषाणूंचे. अँटिबायोटिकने ते बरे होत नाहीत, उलट पोटातले जंतू औषधाला सरावतात. तरी पेशंट म्हणेल, "पॉवरची गोळी द्या, उद्या शेतात जायचंय." इथेच नवा डॉक्टर अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून मोकळा होतो. त्याऐवजी दोन मिनिटं बोला, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये: खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, पण धाप लागली किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर परत या. ऐकतात लोक, खरंच.

- पाण्यासारख्या जुलाबांना ओआरएस, मुलांना झिंकही. रक्त पडत असेल तर वेगळा विचार.
- न्यूमोनियाला मात्र अँटिबायोटिक द्यायला कचरू नका: अमॉक्सिसिलिन, पूर्ण मात्रेत, किती दिवस ते चिठ्ठीवर लिहून.

राखीव औषधांचं, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून ठेवलेल्या अँटिबायोटिक्सचं, पुढे बोलू.